पद्मिनीची लांब सीट

इकडे ये गं माय, जवळ ये. वाचायचंच आहे तर जरा बूड टेकून वाच. फोनवर तुझं मेलीचं एक पाऊल कायम दारात असतं. "आजी, मी गाडी घेतली," एवढं सांगितलंस आणि "नंतर बोलते" म्हणून ठेवून दिलास. गाडी घेतली, नारळ फुटला, पेढे वाटले, आणि आजीला पत्ता नाही! बरं, रागावत नाही. पण ठेवता ठेवता हेही म्हणालीस ना, "आई सांगत होती, आजोबांनी म्हणे शेवटच्या लॉटची पद्मिनी घेतली होती आणि लगेच देऊनही टाकली. असं कोण करतं?"

तुझ्या आईनं नेहमीसारखी अर्धीच गोष्ट सांगितली. उरलेली अर्धी मी लिहून पाठवतेय. तिच्या पोटातली आहे म्हणून ती सांगणार नाही.

तेव्हा आम्ही नवागामला चाळीत राहत होतो. तुझे आजोबा खान्देशातून सुरतेला आले ते लूमवर बसायला, पण मागाच्या खात्यातली ती खटखट त्यांना सोसेना. मग एका शेठच्या गाडीवर लागले. शेठनं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी पद्मिनी ह्यांच्या गळ्यात घातली. तीच मग आमची रोजीरोटी झाली. भाड्यानं चालवायचे. कुणाला स्टेशनवर सोड, कुणा बाळंतिणीला दवाखान्यात ने, कुणाच्या बारशाला माणसं गावाकडे पोचव. रंग तिचा मूळचा कुठला होता देव जाणे, आमच्याकडे आली तेव्हा दूध कमी पडलेल्या चहासारखा होता.

आता तुला तिची पुढची सीट नीट समजावून सांगते, कारण सगळी गोष्ट त्या सीटवरच बसलेली आहे. तुमच्या गाड्यांना पुढे दोन खुर्च्या असतात. तिला एकच सीट होती, या दारापासून त्या दारापर्यंत, घरातल्या दिवाणासारखी. गियरचा दांडा खाली नव्हता, स्टेअरिंगलाच डाव्या अंगाला होता. त्यामुळे मधली जागा मोकळी. पुढे तिघं ऐसपैस बसायचे. उजवीकडे तुझे आजोबा, डावीकडे खिडकीशी मी, आणि मध्ये तुझी आई. माझ्या पायाखाली पत्रा सडून भोक पडलं होतं, त्यातून रस्ता पळताना दिसायचा. त्यावर तेलाच्या डब्याचं झाकण आणि वर रबराची चटई. मी पाय वर घेऊन बसायचे.

तुझी आई अगदी लहान असल्यापासून त्या मधल्या जागेची मालकीण. बापाच्या हातावर हात ठेवायची आणि हुकूम सोडायची, "आप्पा, दुसरा! आप्पा, तिसरा!" हे खरंच गियर बदलायचे. कधी ती चुकीचा सांगायची, तरी बदलायचे. मग गाडी अशी गचके खायची की मागे बसलेलं गिऱ्हाईक ओरडायचं, "अरे भाई, शुं करो छो?" हे मागे वळून सांगायचे, "डायव्हर नवीन आहे, सांभाळून घ्या." आणि पोरीला म्हणायचे, "तुझ्या लग्नाच्या मांडवापर्यंत तुला मीच नेणार. इथंच मध्ये बसवून." हे त्यांनी इतक्या वेळा म्हटलं की शेवटी ते घरातलं ठरलेलंच होऊन बसलं.

पुढे काय झालं, तिचं लग्न ठरलं साक्रीच्या पलीकडच्या एका गावात, आणि त्याच दिवसांत नाक्यावर बातमी आली. मुंबईचा कारखाना पद्मिनी बंद करतोय. शेवटचा लॉट निघतोय, घ्यायची त्यानं आत्ताच घ्यावी. रस्त्यावर तेव्हा फुग्यासारख्या नव्या नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या, तरी नाक्यावरच्या डायव्हर लोकांना वाटायचं, पद्मिनी काय, ती असणारच. तुझे आजोबा त्या दिवशी ताटावरून अर्धवट उठले.

"म्हातारी झाली गं आपली गाडी," मला म्हणाले. "उद्या पार्ट मिळणार नाहीत. पोरीला मांडवात काय भोकाच्या गाडीतून न्यायची?"

"मग?"

"मग काय. शेवटच्या लॉटची नवी घेऊ. एकदाची."

माझे नंदोई, नणंदेचे यजमान, तिथंच बसले होते. त्यांचं तोंड म्हणजे सुईचं टोक. म्हणाले, "शालक, नवरीचा बाप फेटा बांधून पाव्हण्यांत बसतो. तू काय स्टेअरिंग धरणार? वऱ्हाड उतरलं की तुला डायव्हर समजून मांडवाबाहेर बसवतील!"

"जेवायला वाढलं म्हणजे झालं," हे म्हणाले. "बाहेर हवा चांगली असते."

जुनी गाडी चलथाणच्या एका भाऊनं घेतली. तो मूळचा बीडकडचा, ऊसतोडीला आला आणि साखर कारखान्याच्या आसऱ्यानं तिथंच राहिला. चलथाण ते कामरेज शिटा भरून चालवायची असं त्याचं ठरलेलं. तो गाडी न्यायला यायच्या आदल्या दिवशी मी टेप घेऊन पुढची सीट मोजून काढली. लांबी, रुंदी, पाठ, सगळं.

आता हसू नकोस. आमच्या चाळीत उघडी वस्तू ठेवायची रीतच नव्हती. टीव्हीला कव्हर, मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, एकीनं तर पाटा-वरवंट्याला शिवलं होतं. कापडाच्या गावात राहायचं आणि वस्तू उघडी ठेवायची, म्हणजे शेजारणी काय म्हणतील? त्यातून नवी वस्तू घरात यायच्या आधी तिचं कव्हर तयार पाहिजे. आल्यावर शिवायला घेतलं तर त्या बाईला आळशी म्हणायचे. म्हणून मी माप घेतलं ते जुन्या सीटचं, आणि शिवायला बसले नव्या गाडीसाठी. पद्मिनी ती पद्मिनी, त्यात काय बदलणार?

सगळ्या चाळीनं कापड दिलं. ज्याच्या त्याच्या घरचा माणूस ज्या लूमवर होता तिथला एकेक तुकडा. कुणी डागी ताक्याचं टोक, कुणी साडीचा काठ. मी जोडत गेले. आणि बरोब्बर मध्यावर, पोरीच्या जागेवर, जरीच्या कोयऱ्यांचं एक वाटोळं काढलं. तिच्या बापाच्या बाजूला जाड कापड, त्यांची बसून बसून झीज व्हायची. माझ्या बाजूला साधं. मला कोण बघतंय.

गाडी आणायच्या दिवशी आम्ही तिघंही शोरूमला गेलो, माझ्या हातावर कव्हराची घडी. बाहेरून गाडी डिट्टो तीच. तेच नाक, तेच डोळे, नवा निळा रंग. आजोबांनी हार घातला, नारळ फोडला. मी पुढचं दार उघडलं आणि उभीच राहिले.

आत दोन खुर्च्या. एक इकडे, एक तिकडे. आणि दोघींच्या मध्ये जमिनीतून वर आलेला गियरचा दांडा. जिथं तुझी आई बसायची, अगदी तिथं.

"हे काय?" मी विचारलं.

शोरूमचा पोरगा आनंदानं म्हणाला, "बेन, आ तो नवुं मॉडेल! छेल्ला लोटमां बधी आवी ज आवे. बकेट सीट, फ्लोर गियर!" म्हणजे शेवटच्या लॉटच्या सगळ्या अशाच.

"बुक करताना बघितली नव्हती का तुम्ही?" मी ह्यांच्याकडे वळले.

ते हळूच म्हणाले, "तो दाखवत होता. मी म्हटलं, पद्मिनीला काय बघायचं?"

म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको सारखेच शहाणे. मी न बघता शिवलं, त्यांनी न बघता घेतली.

घरी येताना तुझी आई मागे बसली. एकटी. पहिल्या सिग्नलला आजोबांचा डावा हात सवयीनं स्टेअरिंगच्या बाजूला गेला, हवेत चाचपडला आणि खाली उतरला. दुसऱ्या सिग्नलला पुन्हा तेच. मला हसू आलं, मग आलं नाही. इतकी वर्षं त्यांच्या गाडीत बसले, पण अशी परक्यासारखी वेगळ्या खुर्चीत कधी बसले नव्हते.

चाळीत गाडी बघायला सगळे जमले. बायकांनी तोडगा लगेच काढला. "अगं, कापून दोन कर! मशीन आहे की घरात."

खरं होतं. मी कव्हर पसरलं, मध्यावर खडूनं रेघ मारली. रेघ सरळ कोयऱ्यांच्या वाटोळ्यातून गेली. कात्री हातात घेतली. तुझी आई बाजूलाच साड्यांचे लोंबते धागे कापत बसली होती. ते काम आम्ही मायलेकी घरी आणून करायचो आणि तिचा हात असा की कापडाला कात्रीचं टोक लागायचं नाही.

"काप ना आई," खाली मान घालून म्हणाली. "मी मागे बसेन, त्यात काय? आता लहान आहे का मी?"

एवढं म्हणाली आणि चर्रकन आवाज आला. साडी कापली गेली होती, चांगली वीतभर. कधी नव्हे ते.

तुझे आजोबा दारात उभे होते. त्यांनी ते पाहिलं. आत आले, माझ्या हातातली कात्री घेतली आणि माळ्यावर ठेवून दिली. "चप्पल घाल," मला म्हणाले. "चलथाणला जाऊन येऊ."

चलथाणला उसाचं गळीत चालू होतं, सगळ्या गावाला मळीचा वास. आमची म्हातारी पद्मिनी लिंबाखाली उभी होती, डिकीत उसाचे बांडे कोंबलेले. भाऊ खालून काहीतरी ठाकठोक करत होता. आम्हाला बघून बाहेर आला.

"आँ? दाजी, परत कशापायी? इकलेली गाडी माघारी घेनार न्हाई म्हनं मी!"

"अरे, तूच घेतली आहेस ती."

"मंग तर बिलकुल देनार न्हाई." हसला. मग त्याचं लक्ष आमच्या निळ्या गाडीकडे गेलं. बोट लावावं की लावू नये असा भोवती फिरला. "लई देखनी हाय बा. मंग? काय काम काढलं?"

आजोबा म्हणाले, "पोरीचं लग्न आहे. त्याच्यापुरती ही जुनी पाहिजे."

"अन् ही नवी काय दारात शोभंला ठिवनार? दाजी, लोकं जुनी असली की नवी मागाया जात्यात. तुमचं उलटंच!"

हे मान खाली घालून किल्ली फिरवत बसले. मग मीच कव्हराची घडी सोडली आणि जुन्या गाडीचं दार उघडून पुढच्या सीटवर पसरली. अशी बसली म्हणून सांगू, एक सुरकुती नाही. भाऊनं ते वाटोळं बघितलं.

"ताई, हितं मधी कोन बसतं?"

"पोरगी," तुझे आजोबा म्हणाले. आणि वाटोळ्यावरून हात फिरवला.

भाऊनं खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातावर ठेवली. "पर माझी एक अट हाय. सकाळच्या पारी हिचा चोक माझं ऐकत न्हाई, खोकतीच नुसती. कुठवर वढायचा ते दावून जायचं. अन् लग्नाचं जेवान."

"तू येच," हे म्हणाले. "ही नवी तूच घेऊन ये वऱ्हाडात. मला ती वळत नाही."

असं आमचं वऱ्हाड निघालं. पुढे माणसांचा टेम्पो, मध्ये आमची म्हातारी, मागे शेवटच्या लॉटची निळी, भाऊ चालवतोय आणि त्याच्या शेजारी माझे नंदोई फेटा बांधून. आमच्या सीटवर नवं कव्हर, कोयऱ्यांवर तुझी आई, हळदीनं पिवळी. नवापूरला चहा झाला. भाऊ येऊन सांगून गेला, "दाजी, आस्ते घ्या, घाट हाय फुडं."

कोंडाईबारीच्या घाटात बॉनेटमधून वाफ आली. गाडी बाजूला घेतली. टेम्पो पुढे निघून गेला होता. नंदोई मागून फेटा सावरत आले.

"मी म्हटलंच होतं! आता तरी नवरीला नव्या गाडीत बसवा. मुहूर्त काय तुमच्या भंगारासाठी थांबणार आहे?"

हे उतरले आणि आमच्या बाजूचं दार त्यांनी स्वतः उघडलं. "जा बाय," पोरीला म्हणाले. "बस मागच्या गाडीत. मी येतो मागून."

मी उतरून वाट दिली. तुझी आई जागची हलली नाही. "आप्पा, हिला थंड व्हायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक आहे. बॉनेट उघडा."

"अगं, नवरी आहेस तू!"

"नवरी मांडवात. घाटात नाही." आणि उतरली, वाफ निवेपर्यंत थांबली, डिकीतून पाण्याचा कॅन काढला, माझ्या पदराचं टोक ओढून हातात धरलं आणि रेडिएटरच्या झाकणाकडे चालली. हातात हिरवा चुडा, अंगाला हळद. आजोबांनी धावत जाऊन पदर तिच्या हातातून घेतला आणि झाकण आपण उघडलं. पाणी मात्र तिनंच ओतलं.

भाऊ कमरेवर हात ठेवून बघत होता. "दाजी, जावयाला सांगितलंय का? बायको नगं, डायव्हर मिळतुया म्हनावं!"

सगळे हसले. नंदोईसुद्धा.

गाडी सुरू झाली. चढ उभा होता. तुझे आजोबा पहिल्यात निघाले आणि तुझ्या आईनं त्यांच्या हातावर हात ठेवला. "आप्पा, दुसरा." दुसरा पडला. मग ती काही बोलली नाही, हातही काढला नाही. मी आपली पाय वर घेऊन खिडकीबाहेर बघत होते. घाट संपला, सपाटी लागली, तरी गाडी दुसऱ्यातच केकाटत चालली होती. मागून भाऊ हॉर्न वाजवतोय. शेवटी मलाच सांगावं लागलं, "अहो, तिसरा टाका आता. चढ कधीचा संपला."

गावात पोचलो तर वेशीपाशी बँड तयार. पाहुण्यांनी निळी चकचकीत गाडी पाहिली आणि सगळी वरात, आरतीचं ताट, वाजंत्री, घेऊन तिच्याकडेच धावली. बायका दार उघडून ओवाळायला गेल्या तर आत नंदोई! आणि आमच्या गाडीला एक जण हात करून म्हणाला, "ओ डायव्हर, ती तिकडं कडेला लावा." आणि तुझ्या आजोबांनी खरंच लावली गं! मुकाट्यानं, चिंचेखाली, नवरी आतच! आम्ही तिघं त्या लांब सीटवर इतके हसलो की तुझ्या आईच्या मुंडावळ्या सुटल्या. शेवटी तुझा बापच मांडवातून धावत आला आणि त्यानं स्वतः दार उघडलं. तो माणूस मला त्याच दिवशी आवडला.

जेवायला आजोबांना मांडवात मधल्या पंगतीत बसवलं, व्याह्यांनी दोन्ही हातांनी धरून नेलं. आणि भाऊ बाहेर हवेला बसला आणि दोघांचं जेवला.

परत येताना मी आणि हे दोघंच होतो पुढे. मधल्या जागेकडे कुणी सरकलं नाही. चलथाणला म्हातारी परत द्यायला थांबलो. भाऊ निळ्या गाडीतून उतरला आणि तिच्या टपावर हात फिरवत म्हणाला, "दाजी, लोण्यावानी चालती."

"आवडली तुला?"

"न आवडाया काय झालं?"

"मग राहू दे तुझ्याकडं."

मला आधी थट्टाच वाटली. पण हे म्हातारीच्या स्टेअरिंगवर हात ठेवून बसले ते उतरेचनात. हिशेब त्या दोघांनी रस्त्यातच उभ्या उभ्या केला, मी मध्ये तोंड घातलं नाही. अशी शेवटच्या लॉटची पद्मिनी चलथाण-कामरेज रस्त्यावर शिटा भरायला लागली, आणि आम्ही भोकाची गाडी घेऊन नवागामला आलो. नंदोई बरीच वर्षं सगळ्यांना सांगत फिरले, "माझ्या शालकानं सोनं देऊन पितळ घेतलं." घेतलं तर घेतलं.

तुझी आई माहेरपणाला आली की स्टेशनवर हेच जायचे आणायला. मागे बायका-माणसं असली तरी ती मध्येच बसायची. तू पोटात असतानाही तिथंच बसली होती. म्हणजे तूही बसलीयेस, तुला आठवणार नाही.

ती गाडीही मग थकली. भंगारवाला न्यायला आला तेव्हा आजोबांनी पाना घेऊन पुढची सीट आधी सोडवून घेतली. ती आता आमच्या घराच्या गॅलरीत आहे, खाली विटा लावून. कव्हर तेच. जाड कापड झिजलं, साधं विटलं, कोयऱ्यांची जर काळी पडलीय पण वाटोळं अजून ओळखू येतं. संध्याकाळी आम्ही तिथं चहा घेतो. ते उजवीकडेच बसतात, दुसरीकडे बस म्हटलं तर बसत नाहीत. मी डावीकडे. आणि मेली सवय बघ, मी अजून पाय वर घेते.

तर आता तुझ्या गाडीचं. तिला कव्हर शिवायला मी कापड जमवायला घेतलंय, चाळीतल्या जुन्या शेजारणींनाही निरोप दिलाय. पण तू मला माप फोनवर सांगू नकोस, फोटोही धाडू नकोस. या वेळी गाडी मी आधी डोळ्यांनी बघणार, दार उघडून आत हात घालून बघणार, मगच कात्री लावणार. तेव्हा गाडी घेऊन ये. आईलाही आण. नवापूरला चहा पी, घाटात सावकाश ये, आणि लवकर ये गं.